दोनशे रुपयांचा पाझर

बसा.

जिथे असाल तिथे बसा. खोलीतल्या कॉटवर. कंपनीच्या गेटबाहेरच्या कठड्यावर. बसच्या खिडकीशी.

पहाट आहे. चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक लागल्या आहेत. टपरीवर चहा उकळतो आहे. आल्याचा वास येतो आहे. पहिल्या शिफ्टची माणसं डबा मांडीवर धरून डुलक्या घेताहेत. रात्रीची शिफ्ट अजून सुटायची आहे.

पाठ सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या.

श्वास जसा येतो तसा येऊ द्या.

आज आपल्याला फार काही करायचं नाही. एक ओळ बघायची आहे.

पगारपत्रक काढा. कागद असेल तर कागद, मोबाइलवर असेल तर मोबाइल.

एका बाजूला कमाईचा रकाना आहे. तो आपण नेहमी बघतो. आज कपातीचा बघू. पीएफ. ईएसआय. कँटीन. बस. आणि त्यांच्यात कुठेतरी दोन अक्षरं. पीटी. व्यवसाय कर.

पुढे आकडा, 200.

कुणाच्या पत्रकात तो 175 असेल. बाईचं पेमेंट महिना 25,000 पर्यंत असेल तर आता ती जागा कोरी. पण बहुतेकांच्या पत्रकात 200.

त्या आकड्यावर नजर ठेवा.

एरवी आपण त्याला बघतच नाही. तो गेलेला असतो. गेलेल्याकडे काय बघायचं.

आज बघू या.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आता हळूहळू मागे जाऊ. घाई नाही. आपली बस अजून उभीच आहे.

1975 साल. चाकण म्हणजे अजून कांद्या-बटाट्याचा बाजार. बैलगाड्या, गोण्या, कांद्याची पात. खाली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे, टेल्को आहे. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनताहेत. तिथल्या कामगारांच्या पगारावर त्या वर्षी एक नवी कपात येते.

राज्य सरकार म्हणतं, शहरात ज्याला पगार आहे त्याने थोडे द्यावेत. गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला त्यातून काम देऊ.

म्हणजे ही ओळ शहरातून गावाकडे निघालेली आहे.

आपण तिच्या मागोमाग जाऊ. पायात चपला नसल्यासारखं, हलकं.

घाट नाही, डोंगर नाही. सपाट माळ लागतो. मराठवाडा असेल. सोलापूर, नगर असेल. तुमच्या गावचा माळ असेल.

थांबा इथे.

1972 साल आहे. पाऊस आलेला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही धड आला नव्हता.

माळ बघा. गवताचा रंग गेलेला आहे. विहिरीत डोकावलं तर तळाचा खडक दिसतो. बादली खाली गेली की आपटल्याचा आवाज येतो.

तो आवाज ऐका.

पाणी असतं तेव्हा असा आवाज येत नाही.

आता त्या माळावर माणसं दिसू लागतात. आधी चार. मग चाळीस. मग रांगाच रांगा. टिकाव, खोरं, घमेलं. बाया, बाप्ये, पोरं. मे 1973 मध्ये राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं आहेत.

50 लाख मोठा आकडा आहे. त्याला तसाच जाऊ द्या.

आपण एकीलाच बघू.

ती तुमची आजी असू शकते. नसली तरी आज असू द्या.

ती पाठमोरी आहे. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. डोक्यावर चुंबळ. चुंबळीवर घमेलं. घमेल्यात मुरूम.

ती बांधावर चढते. घमेलं उलटं करते. धूळ उडते. ती खाली उतरते.

पुन्हा चढते.

तिच्याबरोबर श्वास घ्या. चढताना आत. उतरताना बाहेर.

चढताना आत.

उतरताना बाहेर.

जिथून माती काढली तिथे चौकोनी खड्डा पडला आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंटा तसाच उभा ठेवला आहे. त्याच्या माथ्यावर जुनी जमीन आहे, वाळल्या गवतासकट. किती खोल खणलं हे संध्याकाळी त्याच्यावरून मोजायचं. तेवढी हजेरी.

त्या खुंट्याकडे बघा.

चहूबाजूंनी खणून झालं आहे. तो तेवढा उभा आहे. सकाळी जमीन कुठवर होती ते सांगायला.

बाभळीच्या सावलीत झोळी बांधली आहे. झोळीत पोर झोपलं आहे. दुपारी सुकडी मिळते. पिवळसर, गोडूस, हाताला चिकटणारी. घरी गेल्यावर मिलोची भाकरी. मिलो म्हणजे लाल ज्वारी, अमेरिकेहून बोटीने आलेली. ती चवीला कुणाला आवडत नाही. तरी ती भाकरी थापली जाते.

पोट भरतं. माणसं जगतात.

क्षणभर एवढ्याशीच राहा. त्या झोळीतलं पोर जगलं.

ते आज पन्नाशीच्या पुढे आहे. त्याचा मुलगा कदाचित या चौकात बसची वाट बघत उभा आहे.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता बांध बघू.

वर्षभरात तो उभा राहतो. दोन टेकड्यांच्या मधल्या नाल्यावर आडवा. पोटात काळी माती, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड रचलेले. एकेक घमेलं मोजून उभा केलेला.

याला पाझर तलाव म्हणतात.

पाऊस येतो. नाला भरून वाहतो, बांधाला अडतो. तलाव भरतो. तांबूस पाणी, त्यावर काड्या-कचरा, कडेला पाणकिडे.

बघा त्याच्याकडे.

या तलावाला कालवा नाही. मोट नाही. हे पाणी कुणी उपसायचं नाही. ते नुसतं थांबायचं आहे, आणि मग खाली जायचं आहे.

मुरुमातून. मांजऱ्या खडकातून. काळ्या पाषाणाच्या भेगेतून.

थेंब थेंब, कुणाला न दिसता.

दिवाळीनंतर तलाव उतरू लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला तळ दिसतो. चिखलाला भेगा पडतात. परका माणूस बघून म्हणेल, तलाव आटला.

गावचा माणूस हसेल. तो आटण्यासाठीच बांधला आहे.

उताराला, शेता-दोन शेतांपलीकडे, एका विहिरीकडे जाऊ. बादली सोडू.

ऐका.

आता आपटल्याचा आवाज येत नाही.

इथे थांबा. डोळे मिटले तरी चालेल.

तलाव कोरडा आहे. विहिरीला पाणी आहे. मधल्या जमिनीत काय चाललं आहे ते कुणालाच दिसत नाही.

मदतीचं असंच काहीतरी होत असेल का? दिली तिथे ती दिसत नाही. हिशेब बघायला जावं तर तळ कोरडा. आणि कुठेतरी खाली, उताराला, वर्षांनी, कुणाच्या तरी विहिरीला ओल.

उत्तर देऊ नका. प्रश्न जमिनीवर सोडा. त्याला मुरू द्या.

एक श्वास.

पुढचं बघायला थोडं जड आहे. तरी बघू.

पाणी उताराला जातं. उताराला ज्याची विहीर, पाणी त्याचं. घमेली वाहणाऱ्या कितीतरी बायांना विहीर नव्हती. शेत नव्हतं. त्यांच्या वाट्याला हजेरी आली. बागायत दुसऱ्याची झाली.

हे टोचत असेल तर टोचू द्या. त्याला बाजूला सारू नका. त्याच्याजवळ बसा.

आणि गाळ. दर पावसाळ्यात नाला थोडा गाळ घेऊन येतो. तो तळाशी बसतो, भेगा बुजवतो. मग पाणी नुसतं साठून राहतं, उन्हाने उडून जातं. गाळ काढावा लागतो. ज्या तलावाचा गाळ कुणी काढत नाही, तो दिसायला भरलेला आणि खालच्या विहिरी कोरड्या.

तेही बघा. एवढंच. बघा.

आता पुन्हा तिच्याकडे जाऊ. ती बांधावर उभी आहे. संध्याकाळ झाली आहे. मुकादमाने मस्टर उघडलं आहे.

तिचं नाव पुकारतो. ती पुढे येते. शाईच्या डबीत अंगठा. मग कागदावर.

तो ठसा जवळून बघा. रेघा आहेत. मधे एक पांढरी चीर आहे, दगडाने कापलेली. कडेला थोडी माती लागली आहे.

सरकारी कागदावर तिचं नाव तिच्या स्वतःच्या कामाने चढलं आहे. तिचे पैसे तिच्या हातात येतात. पदराच्या टोकाला गाठ बसते.

ती गाठ बघा.

दुष्काळ सरतो. पाऊस येतो. दुष्काळी कामं बंद होतात. आजवर दर दुष्काळानंतर तसंच होत आलं आहे.

या वेळी एक वेगळं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे दुष्काळाच्या आधीपासून एक विचार करून बघत आहेत, सांगली जिल्ह्यात, तासगावकडे विसापूरला. दुष्काळ असो नसो, मागेल त्याला काम. 1977 मध्ये त्याचा कायदा होतो. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू होतो. रोजगार हमी. आपण रोहयो म्हणतो.

मागेल त्याला काम.

हे तीन शब्द मनात सावकाश म्हणा.

मागेल.

त्याला.

काम.

पहिल्या शब्दापाशी थांबा. मागणं.

आपल्याकडे मागण्याच्या किती तऱ्हा आहेत. भीक मागतात. जोगवा मागतात. उसनं मागतात. लग्नाला मागणी घालतात. इंद्रायणीच्या काठी, इथून जवळच, आळंदी आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही एक मागणंच आहे.

त्या सगळ्यांच्या रांगेत हे एक नवं मागणं येऊन उभं राहतं. तहसील कचेरीसमोर. मान वर करून. काम द्या, कायद्यात लिहिलंय.

ज्या बाईने मान खाली घालून सुकडी घेतली, तिची सून मान वर करून काम मागते.

हे मोजायचं माप माझ्याकडे नाही. एका माणसाच्या मानेचा कोन किती बदलला, कुठल्या अहवालात लिहिणार?

तुमची मान आत्ता कशी आहे? जरा लक्ष द्या. वर उचला हळूच. हनुवटी सैल.

श्वास आत.

श्वास बाहेर.

2005 मध्ये असा कायदा साऱ्या देशाला होतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तो लागू होऊ लागतो. महाराष्ट्राच्या माळावरचं पाणी बरंच लांब जाऊन निघालेलं असतं.

दूर अमेरिकेतही असं झालेलं आहे. 1930 च्या दशकात तिथे मंदी आली. हाताला काम नव्हतं. सरकारने तरुणांना जंगलात पाठवलं, त्यांनी सुमारे 300 कोटी झाडं लावली. लाखो लोकांनी रस्ते आणि पूल बांधले. 1935 मध्ये म्हातारपणाच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याची कपात तिथल्या पगारपत्रकावर आजही असते. तिथलाही कुणी पोरगा ती ओळ न बघताच कागद मिटत असेल.

मिलो पाठवणाऱ्या देशातही एक अशी ओळ.

असू द्या. आपण आपल्या चौकात परत येऊ.

चाकण. गाड्या. हॉर्न. नाशिक रस्त्याची धूळ.

याच रस्त्यावर, मार्च 2020 मध्ये, असेच उभे राहा.

आवाज नाही. लाइन बंद. प्रेस शॉपमधला धडधडाट बंद. पंखा थांबल्यावर खोली कशी वाटते, तसा सगळा पट्टा वाटतो आहे. पिंपरीपासून महाळुंग्यापर्यंत.

खराबवाडीतल्या एका खोलीत सहा जण बसले आहेत. कंत्राटाचं काम. पेमेंट नाही. स्वस्त धान्याचं दुकान आहे, पण रेशनकार्ड गावी, आईच्या नावावर. शिवभोजन थाळी 10 रुपयांची 5 रुपयांना झाली आहे. रांग लागते.

मग काही जण चालू लागतात.

त्यांच्या पावलांचा आवाज ऐका. डांबरावर, उन्हात. पाठीवर सॅक. सॅकमध्ये चार्जर, आधारकार्ड आणि मागच्या महिन्याचं पगारपत्रक.

त्यात ती ओळ आहे. 200.

इथे जरा थांबा.

गावातल्या हाताला काम मिळावं म्हणून त्यांच्यातला एक जण दर महिन्याला 200 देत होता. आज त्याच्याच हाताला काम नाही. आणि ती हमी गावातली आहे. चाकणच्या शेडमध्ये ती चालत नाही.

तो गावाकडे चालला आहे. हमी आहे तिकडे.

त्या वर्षी देशभर या कामांची मागणी कधी नव्हे एवढी वाढते. आयटीआय झालेला पोरगा टिकाव हातात घेतो. बांधावर आजी चढली होती, तसा चढतो.

काही म्हणू नका. त्याला फक्त चढू द्या.

चढताना आत.

उतरताना बाहेर.

पुढे कंपन्या उघडतात. तो परत येतो. आणखी काही महिने, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी. त्याच्या पत्रकात पुन्हा ती ओळ आहे.

त्याच्या मनात काय आहे? राग असेल. हिशेब असेल. कदाचित काहीच नसेल, झोप असेल.

तुमच्या मनात काय आहे?

ऐका. शब्दात नाही आलं तरी चालेल. छातीत कुठे घट्ट आहे, कुठे सैल आहे. पोटात काय आहे. तिथे हात ठेवला तर कसं वाटतं.

तळेगावच्या रस्त्याला लागलं की भंडारा डोंगर दिसतो. त्याच्या एका बाजूला देहू. तुकोबांच्या काळातही मोठा दुष्काळ पडला होता. परंपरा सांगते की घरात लोकांच्या कर्जाची खतं होती, ती वाटणी करून आपल्या हिश्शाची त्यांनी इंद्रायणीत बुडवली.

ते कागद भिजताना मनात आणा. शाई सुटते. नाव पुसतं, रक्कम पुसते. कागद जड होऊन खाली जातो.

देणाऱ्याने काय दिलं हे दाखवायला मागे काहीच उरत नाही. उतरलेलं ओझं कुणाच्या पाठीवरून उतरलं, तेही लिहिलेलं नाही.

तुमच्या हातातला कागद आपल्याला बुडवायचा नाही. फक्त आणखी एकदा वाचायचा आहे.

पीटी. 200.

आता तो आकडा वेगळा दिसतो का? दिसला पाहिजे असं नाही.

त्याच्या आत एक माळ आहे. माळावर एक बाई आहे. तिच्या डोक्यावर घमेलं आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा खुंटा उभा आहे. नाल्यावर बांध आहे. बांधाआडचं पाणी खाली चाललं आहे. उताराला एक विहीर आहे. विहीर कुणाची, हा प्रश्न तसाच आहे. आणि तुम्ही आहात, जे हे दर महिन्याला देता.

एवढं सगळं तीन आकड्यांत मावलं आहे.

त्याच्यासोबत तीन श्वास बसू.

पहिला, त्या झोळीतल्या पोरासाठी.

दुसरा, जिच्याकडे विहीर नव्हती तिच्यासाठी.

तिसरा, नाशिक रस्त्याने चाललेल्या त्या पोरासाठी. तो तुम्हीच असाल तर तुमच्यासाठी.

आता आवाज परत येऊ द्या. बसचं इंजिन चालू झालं आहे. कुणीतरी दारावर थाप मारतं आहे. चहावाला ग्लास विसळतो आहे. विसळलेलं पाणी तो रस्त्याच्या कडेला फेकतो.

बघा, ते कुठे जातं.

थोडा वेळ ओलं दिसतं. मग नुसती माती.

पगारपत्रक मिटा. खिशात ठेवा. डबा उचला.

पुढच्या महिन्यातही 200 जातील. फेब्रुवारीत 300 जातात, वर्षाचे 2,500 पुरे व्हायला.

फेब्रुवारी म्हणजे पाझर तलावांचे तळ दिसू लागण्याचे दिवस.

तेव्हा पुन्हा बसू. त्या विहिरीत पुन्हा बादली सोडू. कान देऊ.